आमच्या घरी हळद आहे

किहीम,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. दिपेशदादास,
हेमालीचा सा. न.

गणपतीनंतर पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. फोनवर तू नेहमी दोन ट्रकांच्या मध्ये उभा असतोस, म्हणून लिहिणंच बरं. पण जे सांगायचं होतं ते कागदावर उतरलं की खरं होईल, या भीतीने लांबवत राहिले. बाबांचं रेडिओ स्टेशन ३१ डिसेंबरला बंद होतंय. चालवणाऱ्या संस्थेचं म्हणणं असं की कोणी ऐकतं याचा पुरावा नाही. असला तर दाखवा. माझ्याकडे नाही. वर्षभरात स्टेशनचा फोन एकदाही वाजला नाही.

आता त्यांना दप्तरासाठी स्टेशनचा इतिहास हवाय, एका पानात. काय लिहू? बाबांनी गोठ्याच्या खोलीत, भिंतींना गोधड्या ठोकून सुरू केलं, हे लिहिलं. मग लग्नात धवले गाणारी नीराबाई धवलारीण आठवली. हळदीची गाणी लग्नाशिवाय गायची नाहीत, हा तिचा नेम. म्हणून बाबा मांडवात जाऊन ती रेकॉर्ड करायचे आणि आसपासच्या गावांत कोणाकडे हळद असली तरच लावायचे. घरच्यांनी फोन करायचा, आपण आधी घराचं नाव सांगायचं, मग गाणं. ते ऐकून बायका ताटात हळद घेऊन त्या घरी जायच्या.

मग डीजे आले, फोन थांबले. बाबा गेले, नीराबाईही गेली. मी रोज भजनं लावते, नाखव्यांची गाणी लावते, पण तिचा आवाज कपाटातच आहे. नेम पाळते की नुसती घाबरते, मला नक्की सांगता येत नाही. बंद होतंय हे रेडिओवर सांगायचं नाही असं ठरवलंय. ऐकणारं कोणी नसताना निरोप घेणं मला नाटकी वाटतं.

वहिनीला नमस्कार. रागावला असलास तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हेमाली


पनवेल,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. हेमालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण मी ट्रकखाली होतो. शेवटी मी पाना शोधायचं नाटक केलं.

आता आनंदाची बातमी. आरोहीचं लग्न ८ तारखेला ठरलं, हळद ७ला. सगळं घाईत. मुलाकडच्यांनी हॉल लहान घेतलाय आणि माणसं मोजून सांगितलीत. गावाला बोलावता येत नाही. लाज वाटते, पण काय करू?

पोरीचा हट्ट आहे की हळदीच्या वेळी नीराबाईचं गाणं आत्याच्या रेडिओवर लागलं पाहिजे. फोनवर मागवू म्हटलं तर म्हणते नको, डीजेवाला त्याला ढोल जोडेल. इथे ऐकू येणार नाही, हे तिला ठाऊक आहे. तुझा रेडिओ कार्लेखिंडीतच दमतो, माझा ट्रक दमत नाही, हे मी तिला सांगितलंच. तरी लाव. फक्त आरोहीचं नाव घेऊ नकोस. गावात कळलं तर मी तोंड कुठे दाखवू?

स्टेशन बंद झालं की इकडे ये. गच्चीवरची खोली रिकामी आहे. तिथे एकटी माइकशी किती दिवस बोलशील?

लग्नाच्या दिवशी वेळेवर ये, आणि तोवर या थोरल्यावर लोभ ठेव.

दादा


किहीम,
१० डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न.

परवा हॉलमधल्या आवाजात काही सांगता आलं नाही. आणि तुझ्याकडे गाऱ्हाणं येण्याआधी मीच सांगते.

सात तारखेला, हळदीच्या वेळेला गाणं लावलं. आधी घर सांगायलाच हवं, आणि आरोहीचं नाव घ्यायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, आज आमच्या घरी हळद आहे. खोटं काहीच नव्हतं. मग नीराबाई गाऊ लागली, आणि मी गोधडीला डोकं टेकून ऐकत बसले.

गाणं संपतंय तोवर अंगणात बायका. पुढे सखुबाई, हातात हळदीचं ताट. आपल्या घरात मी एकटीच राहते, म्हणजे हळद माझीच ठरते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या विचारू लागल्या की नवरा कुठला, आणि चाळिशी उलटेपर्यंत कशाला थांबवलास गं त्याला. मागून कोणीतरी म्हणालं, रेडिओवरच पटवला असेल. मी इतकी हसले की रडू आलं. मग आरोहीचं नाव सांगावंच लागलं. सखुबाई एवढंच म्हणाल्या की दिपेसला सांग, आमी जेवायला आलो नसतो, हळद लावून परत आलो असतो.

मग मी विचारलं, तुम्हाला गाणं ऐकू आलं कसं? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. रोज ऐकतंव की, म्हणाल्या. भाकऱ्या थापताना तूच बोलत असतेस. मग कधी फोन का नाही केलात? तर म्हणाल्या, फोन लग्नाचा करायचा, असं तुझ्या बापानंच शिकवलं न्हाय का. उगाच कशाला करू?

आणलेली हळद त्यांनी परत नेली नाही. नको नको म्हणताना माझ्याच गालांना लावली आणि हसत गेल्या. नंतर मी तशीच स्टेशनात बसून होते. चेहरा धुवावासा वाटेना.

काल संस्थेत फोन केला. साहेब चांगलं बोलले. ऐकून आनंद झाला म्हणाले, पण यंत्रं दुसऱ्या केंद्राला द्यायचं ठरलंय, कागद गेलेत. स्टेशन बंदच होणार आहे. आणि दादा, अंगणात इतक्या जणी असताना मी कोणालाच हे सांगितलं नाही. गेल्या महिन्यात ऐकणारं कोणी नाही म्हणून सांगायचं नव्हतं. त्या दिवशी त्या समोर होत्या म्हणून जीभ उचलली नाही.

गच्चीवरच्या खोलीचं अजून विचारू नकोस. गावाकडे एकदा ये, आरोहीला घेऊन. आहे तेवढी माया राहू दे.

हेमाली

उद्याचं काम : भाकऱ्यांच्या वेळेला, स्टेशन बंद होतंय हे माइकवर त्यांना सांगणे.