तलावात सरकलेली बांधी

पुणे

तीर्थस्वरूप घनश्यामदादांच्या चरणी धाकट्याचा सविनय दंडवत.

माझी प्रकृती उत्तम आहे. भोजन वेळेवर होते. बावीस वर्षांच्या स्वतंत्र कलासाधनेतून तीन माहितीपट, दोन शाली आणि एक गुडघेदुखी प्राप्त झाली. शहापूरजवळच्या आपल्या गावतलावात धानशेतीच्या बांध्या सरकवून झालेल्या अतिक्रमणावरचा चौथा माहितीपटही आता सिद्ध आहे.

त्यात आपण स्वमुखे उद्गारला आहात, "साऱ्यायनं बांधी तलावात सरकवली, मंग मीच कायले सोडू?" उच्चार सुस्पष्ट, मुद्रा तेजस्वी. संकलक म्हणाला, "सर, दादांचा भाग कापू या." मी नकार दिला. आजवर परक्यांची अतिक्रमणे दाखवली. स्वगृहीचे झाकले, तर माझ्या राजकीय विचारांना रुखमिणीवहिनीसुद्धा हसतील. त्यांचा रक्तदाब कसा आहे?

मात्र आपल्या संमतीविना हा माहितीपट कुठेही दाखवणार नाही. आपण नाही म्हणालात, तर संपूर्ण चित्रपट कपाटात राहील.

बांधी मागे घेतलीत, तर शेवटी तशी एक ओळ सहर्ष जोडीन. न घेतल्यास जोडणार नाही. दिवाळीला मात्र दोन्ही परिस्थितींत येईन. ताट वाढावे की नाही, हे आपण ठरवावे.

एक विषय वगळता आपला आज्ञाधारक,
प्रविण