निरोगींच्या यादीतले मामा

३ जून

ती. मामांना,
शि. सा. न.

पत्रास कारण की मला एक निरोगी माणूस हवा आहे. हसू नका. आमच्या प्रयोगशाळेत मणक्याच्या रुग्णांची तपासणी चालते. त्यांच्याशी ताडून बघायला साठी उलटलेली, हातपाय धड असलेली माणसं लागतात, आणि शोधायला जावं तर प्रत्येकाचं काहीतरी दुखतंच! म्हणून तुम्ही आठवलात. अजून दुकान चालवता, कपडे शिवता.

डोक्याशी चुंबकाचं कडं धरतो, टक् होतं, मेंदूतून निरोप निघतो आणि अंगठा आपोआप उडतो. निरोपाला किती वेळ लागला ते यंत्र मोजतं. मग पायाचंही तसंच. दुखत नाही. अट एकच, अंग सैल सोडायचं.

तुमच्या लोभाच्या जोरावरच हे धाडस,
तुमची भाची


१८ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. चाळीस वर्षं लोकांना अंग सैल सोडा म्हणत मापं घेतली, परवा पहिल्यांदा कोणी माझं घेतलं. मला न विचारता मला हलवणारी आजवर एकटी तुझी मामी होती, आता तुझं कडं.

एक कबूल करतो. पडद्यावर माझ्या हाताची रेघ फारच किरकोळ उमटत होती. चारचौघांत भाचीची शोभा नको, म्हणून पुढच्या प्रत्येक वेळी अंगठा हळूच दाबून धरला. मग बघ कशी डोंगराएवढी लाट आली! पास झालो ना?

लोभाला दोन बोटं माया सोडून ठेव,
तुझा मामा


२४ जून

ती. मामांना,
शि. सा. न.

धन्य आहात! तुमचा अंगठा पंचविशीतल्या पैलवानाचा निघाला. आमचे सर पोट धरून हसले आणि ती सगळी नोंद बाद झाली.

पण पायांना मदत करायचं तुम्हाला सुचलं नाही, आणि पाय खरं बोलले. डोक्यापासून कमरेपर्यंत निरोप यायला फार उशीर होतो, पुढे सगळं ठीक. वाटेत, बहुधा मानेत, मज्जारज्जूवर दाब असावा असं आमच्या डॉक्टरांना वाटतं. मानेचा एमआरआय लगेच करा. फॉर्मवर ‘तक्रार नाही’ लिहिलंत, ते खरं आहे का? मला काळजी वाटते आहे, मामा.

रागावलात तरी लोभ कमी करू नका,
तुमची भाची


२ जुलै

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र यांनी कापडाच्या ताग्याखाली लपवलं होतं, म्हणजे मला सापडेल अशाच जागी. तक्रार नाही म्हणे! वर्ष झालं, काजं-बटणं माझ्या गळ्यात घातली आहेत. मला वाटलं, उतारवयात माझ्या हाताचं कौतुक वाटू लागलं. उंबऱ्याला अडखळतात आणि शिव्याही उंबऱ्यालाच.

एमआरआय झाला. मानेत मज्जारज्जू चेपलाय, सर्जन ऑपरेशन करा म्हणतात. हे म्हणतात, हात कायमचा गेला तर शिंप्याचं उरलं काय? येणारा-जाणारा ठणठणीत व्हाल म्हणतो, त्यावर हे आणखीच बिथरतात. तूच यांचा कान धर. मी धरून थकले.

येत जा, नुसता लोभ पोस्टाने पाठवू नकोस,
तुझी मामी


५ जुलै

ती. मामांना,
शि. सा. न.

सर्जनांशी बोलले, आहे तसं लिहिते. गेलेलं सगळं परत येईल असं कोणी सांगू शकत नाही. काजं कदाचित यापुढेही मामीच करतील. आणखी बिघडणं थांबावं, एवढ्यासाठी हे ऑपरेशन. थोडा धोकाही आहे. नाही केलं तर आधी बोटं जातील, मग चालणं, अशी त्यांना भीती वाटते. मलाही वाटते.

लोभ आहेच, म्हणून गोड लिहिलं नाही,
तुमची भाची


९ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

घाबरलो होतो. फॉर्मवर खोटं लिहिलं ते तुला निरोगी माणूस हवा होता म्हणून, आणि मलाही तोच व्हायचं होतं म्हणून. सगळे मला ताग्यावर तागे दाखवत होते. कापड खरं किती आहे ते तू एकटीने सांगितलंस. तेवढ्यात काय बेततं ते बघू. सोमवारी भरती होतो. तुझ्या यादीतून मला खोड आणि मामीला घाल, ती खणखणीत आहे.

आहे तसाच लोभ राहू दे,
तुझा मामा

ता. क. सर्जनांना आधीच सांगून ठेव की गिऱ्हाईक शिंपी आहे. टाके मानेच्या मागे येणार म्हणून कसेही घातलेले चालणार नाहीत. दुकानातले दोन्ही आरसे बरोबर घेऊन येतोय.