तंबूत राहिलेल्याचा माईक

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि आजवर मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. आज लिहितेय ते प्रेमाचा उमाळा आला म्हणून नाही. गेल्या रविवारी दुपारी मी एका माणसाला बर्फात एकटं सोडून आले, आणि तेव्हापासून तुझ्यावरचा माझा जुना राग नीट पेटतच नाहीये. त्याचाच मला जास्त राग आलाय.

माणूस खरा होता, बर्फ खोटा. तुझी नात पुण्यात नोकरी करते आणि रविवारी इंटरनेटवरून चार-पाच जणांना जमवून एक खेळ चालवते. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं आणि बोलायचं. समोर काय दिसतंय ते ती सांगते, आपण काय करतो ते आपण सांगायचं, अडलं तर फासे टाकायचे. तिच्या खेळात एक तुकडी हिमालयातल्या कुणीच न चढलेल्या शिखरावर निघालीय, आणि तो डोंगर धड नाही. तुम्ही ज्याला मागे सोडून आलात त्याच्या आवाजात तो हाका मारतो, आणि ओ दिली की तुम्ही संपलात. एक खेळाडू गळला म्हणून लेकीनं मला ओढलं. "आई, रविवारी दुपारभर झोपा काढतेस, त्यापेक्षा ये की." तू असतीस तर म्हणाली असतीस, "कामधंदा न्हाय काय गो तुम्हांला?" त्या एका बाबतीत आपलं जमलं असतं.

माझ्या वाट्याला डॉक्टरचं सोंग आलं. सुरुवातीला प्रत्येकाला आपल्या सोंगाची एक जुनी गोष्ट लिहून द्यावी लागते: लहानपणी तुम्हाला कोण सोडून गेलं? मला विचार करावा लागला नाही. मी नऊ वर्षांची आहे, अंगात ताप आहे, इतका की वरची कौलं हलताना दिसतायत. तू चुलीपाशी उभी, नर्सची पांढरी साडी नेसून तयार, खांद्याला लसीचा डबा. आतला बर्फ वितळायच्या आत तो डबा डोंगरावरच्या वाडीवर पोचवायचाय, आणि वाट दोन तासांच्या चढणीची. तू पेजेचं भांडं माझ्या उशाशी ठेवतेस, कपाळावरची पट्टी पिळून पुन्हा घालतेस, शेजारणीला हाक मारून लक्ष ठेवायला सांगतेस आणि मला म्हणतेस, "लगेच येते." लगेच म्हणजे दिवेलागणीला. तोवर शेजारीण एकदाच डोकावली होती. माझ्यापाशी का नाही थांबलीस म्हणून मी रडून विचारलं, तर तळपायातला काटा काढता काढता, मान वर न करता तू म्हणालीस, "वर अकरा पोरं हायत. तू एक हायस." वाडीवरच्या बायकांनी माझ्यासाठी पानात बांधून करवंदं दिली होती, ती मी सगळीच्या सगळी मोरीत भिरकावली. तू ओरडली नाहीस. एकेक वेचलीस, धुतलीस आणि मीठ लावून स्वतःच खाल्लीस. मला वाटलं होतं तू निदान एक चापट तरी मारशील.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलेय. सासरी सांगितली, ऑफिसातल्या बायकांना सांगितली, लेकीला तर भाताच्या घासाबरोबर भरवली. ऐकणारा दरवेळी हळहळतो आणि मला बरं वाटतं. तू निवृत्त झालीस तेव्हा वाडीवरची माणसं डोंगर उतरून आली होती, दिवेआगरच्या बागायतदारांनी नारळ पाठवले होते, जो तो सिस्टरबाय सिस्टरबाय करत तुझ्या पाया पडत होता. मी भिंतीला टेकून मनात म्हणत होते, हिला माझ्या तापाचं विचारा कुणीतरी. खेळातसुद्धा तेच झालं. लेकीनं गोष्ट वाचून दाखवली, सगळे "बापरे, ताई" म्हणाले आणि मी खूश झाले. पन्नाशी उलटलेल्या बाईनं इतकं खूश होऊ नये.

तर गेला रविवार. आमच्यात नागपूरकडचे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते खेळात आमचे वाटाडे. तिसऱ्या तळावर फासे उलटे पडले आणि त्यांचा पाय मोडला. वादळ येणार होतं. लेक म्हणाली, "शिखर वर चार तासांवर आहे. डॉक्टर, तुम्ही यांच्यापाशी थांबता की वर जाता?" थांबायला काहीच हरकत नव्हती, बाकीचे दोघे माझ्याशिवाय जायला तयार होते. पोस्टमास्तर म्हणाले, "तुम्ही जा नं, डॉक्टर. मी आहो इथंच." आणि मी म्हणाले, "लगेच येते." शपथेवर सांगते, ते मी ठरवून म्हणाले नाही. आपसूक आलं, अगदी तुझ्या त्या घाईच्या सुरात.

या खेळात एक नियम आहे. तंबूत राहिलेल्यानं माईक बंद करायचा. बाकीचे काय बोलतात ते सगळं त्याला ऐकू येतं, त्याला मात्र बोलता येत नाही. त्याच्या वतीनं लेकच बोलते, आणि डोंगराच्या वतीनंही तीच. आम्ही दोरानं वर चढतोय, वारा सुटलाय, आणि खालून हाक येते: डॉक्टर, येता का? लेकीनं ती अगदी साध्या आवाजात मारली. ती म्हणाली, "ओ देणार?" मी म्हटलं, "हा आवाज त्यांचा नाही, डोंगराचा आहे. चला पुढे." सगळ्यांनी वाहवा केली. काय डोकं चालवलंत ताई, आपण तर फसलो असतो. आम्ही शिखर गाठलं. तू निदान पोरांना लस टोचायला चढत होतीस. माझ्यासाठी वर कोण बसलं होतं? दगड आणि बर्फ, तोही माझ्या लेकीच्या तोंडचा.

शेवटी तंबूतला माणूस माईक चालू करतो आणि खरं काय झालं ते सांगतो. पोस्टमास्तर खाकरले. म्हणाले, "हाका मीच मारत होतो, डॉक्टर. तुमच्यासाठी चहाचं पाणी ठेवलं होतं. आटलं म्हणून पुन्हा ठेवलं. तेही आटलं." मग स्वतःच हसले, बाकीचेही हसले, मजा आली म्हणाले. मला हसू आलं नाही. मी बटण दाबून निघून आले.

पाचच मिनिटांत लेकीचा फोन. "आई, अगं रडतेस काय? खेळ आहे तो. तू काय खरंच कुणाला असं टाकून जाणारी आहेस? आजीच्या वेळी खाडीतली फेरीबोट बंद नसती तर पोचलीच असतीस ना तू?"

मी हो म्हणाले.

तिला तेव्हा चौदावं होतं. मी जे सांगितलं ते तिनं धरून ठेवलं. मावशीनंही धरलं, साऱ्या भावकीनं धरलं. श्रावणातला दिवस, वारा होताच थोडा, आणि आई गेली म्हणून रडणाऱ्या बाईला, खाडीपलीकडच्या दिघीच्या धक्क्यावर चौकशी करून, कोण खोटं पाडणार? सकाळी मावशीचा फोन आला होता, "तुझ्या आयेचं काय खरं न्हाय. तुलाच इचारतेय सारखी. ये गो." मी ऑफिसातून निघाले, खाडी ओलांडून तुझ्याकडे यायला आगरदांड्याच्या धक्क्यावर पोचले. फेरी चालू होती, आई. गाड्या चढल्या, माणसं चढली. फळी उचलणारा मला म्हणाला, "बाय, येताय काय?" मी म्हटलं, पुढच्या फेरीला. पुढचीही गेली. मग मी मुरुडला घरी परतले आणि मावशीला फोन केला, वारा आहे, फेरी बंद आहे. रोह्यावरून लांबचा रस्ता होता, पण त्याचा विषय कुणी काढला नाही. मावशी म्हणाली, तुला तसं सांगितलं, तर तू "बरं" म्हणालीस. पहाटे तू गेलीस.

मी माफी मागत नाहीये. तो ताप खरा होता, आणि तू थांबायला हवं होतंस असं मला अजूनही वाटतं. पण हे लेकीला सांगायचं धाडस माझ्यात नाही. तुला सांगणं सोपं, तू वाचणार नाहीस. हा कागद तिच्या हाती लागायच्या आत मी फाडून टाकणार आहे. त्या दिवशी मला तुला वाट बघायला लावायची होती, आई. एकच दिवस. दुसऱ्या दिवसाची रजा मी टाकून ठेवली होती.