लास्त्रीची चौकट

३ जून, सोमवार
आले एकदाची सलातिगाला! सुराबाया शहराच्या भट्टीतून सुटले. दोन खोल्या, निळं दार, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सबंध मर्बाबू डोंगर दिसतो. शेजारी घरमालकीण बाई, बू तुकिनेम, राहतात. सोयाबीनच्या गरम तेम्पेची ताटली घेऊन आल्या आणि नोकरी कुठे म्हणून विचारलं. मी टेबलावरच्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. त्या हसत सुटल्या. “दिवसभर घरातच? मग नवरा काय कौलांतून पडणारे?”

काम सोपं आहे. विम्याच्या दाव्यांचे कागद तपासायचे. आम्ही सहा जण, सहा गावांत. आठ ते पाच सगळ्यांनी कॅमेरा चालू आणि आवाज बंद ठेवून एकाच पडद्यावर बसायचं, असा आमचे साहेब पाक दार्सोनो यांचा नियम आहे. म्हणजे एकटं वाटत नाही आणि हातही चालतो, असं त्यांचं म्हणणं. मला आवडलं. सहा चौकटींत सहा मान खाली घातलेली माणसं.

६ जून, गुरुवार
वरच्या ओळीत मधोमध केदिरीची म्बाक लास्त्री असते. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी, म्हणून म्बाक, ताई; निळा हिजाब, गालावर खळी. बाकीचे बारा वाजले की उठून जातात, ही थांबते. मग आम्ही दोघी पडद्यासमोरच डबे उघडतो. बोलत नाही, लिहिते. “जेवलीस का?” “पाठ दुखतेय ना? दर पाऊण तासाने ऊठ, डोंगर बघून ये.” मी उठते आणि खरंच बरं वाटतं. ती स्वतः मात्र उठत नाही.

१२ जून, बुधवार
काल एकतीस दावे झाले! पाक दार्सोनोंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. पहिलं अभिनंदन लास्त्रीचं. मला बहीण नाही. असती तर अशीच असती.

एक गंमत. तिच्या डब्यातला भात कमी होत नाही. मी विचारलं, लग्नासाठी बारीक होतेयस का? ती नुसती हसली.

१८ जून, मंगळवार
तिच्या मागच्या भिंतीवर उन्हाचा एक पट्टा आहे. सकाळी आठला होता तिथेच तो संध्याकाळी पाचला होता. काल नीट पाहिलं, आज परत पाहिलं. दिवा असेल.

गुरुवारी तिचा वाढदिवस. पत्ता कंपनीच्या यादीत होताच, परवाच शेंगदाण्याच्या वड्यांचा डबा पाठवून दिला.

२० जून, गुरुवार
अकरा वाजता तिच्या आईचा फोन आला. खोक्यावर माझा नंबर होता.

जसंच्या तसं लिहिते. “पोरी, हे कुणासाठी पाठवलंस? लास्त्री फेब्रुवारीतच गेली गं.” चार दिवस ताप होता, तरी खुर्चीतून हलेना. आई म्हणायची, ऊठ आता. ती म्हणायची, एवढं संपवते. तशीच बसल्या जागी गेली. तिचा लॅपटॉप कंपनीची माणसं त्याच आठवड्यात घेऊन गेली.

मी फोन कानाला लावून पडद्याकडे बघत होते. लास्त्री काम करत होती. तिने लिहिलं, “कुणाचा फोन?”

तिच्या आईला मी सांगून टाकलं, ती मला समोर दिसतेय. सांगायला नको होतं का?  आई म्हणाली, “तुला दिसते ना? मग तिला उठायला सांग. माझं तिने कधी ऐकलं नाही. तुझं ऐकेल.”

२१ जून, शुक्रवार
पाक दार्सोनोंना फोन केला. वाटलं, वेड्यात काढतील. त्यांनी आधी दार लावल्याचं ऐकू आलं, मग बोलले. सगळ्यांना माहीत आहे म्हणाले. खातं दोनदा बंद केलं, सकाळी आठला ती हजर. रोज चाळीस दावे, एक चूक नाही. वर आकडा कळवला जातो, नाव कुणी विचारत नाही.

“तू नवी आहेस, वेनिंग. तिला उठवायला जाऊ नकोस. ती जागा रिकामी राहणार नाही, एवढं मला वाटतं.”

शरम नाही वाटली त्यांना? आणि मला? दुपारी तिच्यासमोर बसून मीही जेवलेच.

२४ जून, सोमवार
बारा वाजता लिहिलं: “आईने सांगितलंय, काम संपलं. ऊठ.”

तिचे हात थांबले. पहिल्यांदाच. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. लिहिलं, “खरंच संपलं?” मी हो म्हटलं. ती उठली — किती उंच होती! — आणि चौकटीबाहेर गेली. चौकट काळी झाली.

तिच्या आईला कळवलं. आम्ही दोघी फोनवर रडलो.

२५ जून, मंगळवार
सकाळी पडदा उघडला तर माझी चौकट वरच्या ओळीत मधोमध होती.

पाचपर्यंत मला उठताच आलं नाही. तहान नाही, भूक नाही. चाळीस दावे झाले. बू तुकिनेम म्हणतात, तीनदा खिडकीवर थापा मारल्या, तू मान वर केली नाहीस.

मला एकही ऐकू आली नाही.

२६ जून, बुधवार
सातची बस पकडली. केदिरीला, तिच्या आईकडे. लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवलाय. दाराला कुलूप.

बसमध्येच लिहितेय. अक्षर वाकडं येतंय.

१०.०५ — पाक दार्सोनोंचा निरोप. “बावीस झाले, शाबास. पण मी सांगितलं होतं तुला.”

बावीस कुणी —

बू तुकिनेमना फोन लावला. खिडकीतून डोकवा म्हटलं. त्या वैतागल्या. “अगं, आत बसूनच फोन करतेस आणि मला पळवतेस? दिसतेयस की टेबलाशी!”

आत जाऊ नका म्हटलं. त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे. फोनमध्ये दार उघडल्याचं ऐकू आलं. जाऊ नका, बू —

फोनमधून माझा आवाज आला. माझाच. “कोण आहे, बू? द्या इकडे.”

फोन आता तिच्या, टेबलाशी बसलेल्या त्या दुसरीच्या, हातात आहे. ती म्हणतेय, मी बसमधून उतरायचं, टेबलाशी परत यायचं, आणि —