तंबूच्या काठ्या

बाबा,

नमस्कार लिहायलाही हात उठत नाही. घरून सायकल काढली तेव्हा हसून "जा, मजा कर" म्हणालात, आणि माझी पाठ फिरताच सगळ्या नातेवाइकांना फोन लावलेत! केळव्याला मामा रस्त्यावर हात करत उभे. चिंचणीला शांतारामकाका. काकी कानात विचारते, "एकटीच का गं? घरी भांडलीस?"

आज डहाणूला थांबणार असं सांगितलं होतं. थांबलेच नाही. थेट बोर्डीच्या सुरूच्या बनात येऊन पहिल्यांदाच तंबूची गुंडाळी सोडली, तर आत काठ्याच नाहीत! वजन कमी झालेलं कळू नये म्हणून कारल्याच्या मांडवातले बांबूचे तुकडे भरलेत. लाज नाही वाटली?

स्वरूपदादा गोव्याला गेला तेव्हा ह्याच काठ्या तुम्ही स्वतः मोजून बांधून दिल्या होत्या. त्याच्या वाटेवर एकही मामा उभा नव्हता.

असो. दोन सुरूंना दोरी बांधून मी तंबू ताणलाय. तुमचे बांबू खुंट्या म्हणून ठोकलेत, चांगले खोल.

हे पत्र टाकणार नाही. पत्ता कळला तर इथेही कुणीतरी काका उगवतील.

आज कुणालाच न सापडलेली,
क्षितिजा