गाठोडे सोडावे काय?

तीर्थरूप मामांस,

सविनय नमस्कार. आयुष्यभर इतरांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढलेल्या मुद्रितशोधकाला पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. ('तीर्थरूप' मुद्दाम पूर्ण लिहिले आहे. आपल्याला पत्रे मोठ्याने वाचून दाखवणारा संगणकावरचा प्रोग्राम, ज्याला आपण वाचकबुवा म्हणता, तो 'ती.' दिसताच 'ती मामा' म्हणतो, असे मामींनी कळवले होते. तो कंसही वाचतो, हे ठाऊक असून माझी सवय सुटत नाही.) डोळ्यांचे कसे आहे? औषधाचे थेंब वेळेवर घालता ना?

संकट वाचकबुवांवरच आले आहे. आमचा स्वयंसेवकांचा गट लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीची जी मोफत जुळणी वाटतो, तिच्यात प्रत्येक प्रोग्राम तपासून, बांधून द्यावा लागतो. अशा बांधलेल्या प्रोग्रामला 'गाठोडे' हा शब्द मीच सुचवला. (आईने शेजारच्या काकूंना "आमची गाठोडी बांधते" असे सांगितल्यापासून, मी कुठे निघाले आहे, हे त्या रोज विचारतात.) वाचकबुवांचे गाठोडे माझ्याकडे आहे, परंतु त्यांचे कर्ते दर आठवड्याला नवी आवृत्ती काढतात आणि मी गाठ मारते न मारते तोच आतला ऐवज बदललेला असतो. उलट आमचे प्रमुख, ज्यांना सारे बर्फवाले म्हणतात, एकदा गोठवलेल्या वस्तूला दोन वर्षे हात लावू देत नाहीत. (बदलाचे त्यांना इतके वावडे, की त्यांच्या संगणकाचे घड्याळ पंधरा मिनिटे मागे पडले, ते तसेच आहे.) "अगं बाई, उकळतं दूध बर्फाच्या पेटीत ठेवायला सांगतेस मला!" असे ते बैठकीत म्हणाले. मला चोख उत्तर सुचले. मात्र ते बैठक संपल्यावर, चपला शोधताना.

अखेर मतदान ठरले. प्रश्न लिहिण्याचे काम, 'ही मराठीत पहिली आलेली' म्हणून, माझ्याकडे आले. मी लिहिले: 'हे गाठोडे सोडावे काय?' एकमताने उत्तर आले: 'सोडावे.' आनंद ओसरल्यावर उलगडले, की निम्म्यांना ते लोकांसाठी खुले करायचे होते आणि निम्म्यांना टाकून द्यायचे होते. (पाणी सोडतात तसे, नळाला सोडतात तेही आणि आशेवर सोडतात तेही.) टाकले, तर पुढच्या मोठ्या बदलात वाचकबुवा आपल्या संगणकावरून जातील आणि पत्रे पुन्हा मामी वाचतील. त्या न पटलेला मजकूर गाळतात, असे आपणच म्हणाला होता.

आपली आज्ञाधारक,
भाची

ता.क. बर्फवाले म्हणतात, वापरणाऱ्या एकाने तरी आज सायंकाळी सहाच्या आत लेखी मागणी केली, तर गाठोडे राहील. आपण एक ओळ त्यांना पाठवावी. कृपया 'सोडू नये' असे लिहू नये. त्याचेही दोन अर्थ होतात. 'ठेवावे' लिहावे.

पुन्हा ता.क. हे पत्र चार वाजताच पूर्ण झाले होते. तेवढ्यात वाचकबुवांची नवी आवृत्ती आली. तिच्यात 'ता.क.'चा उच्चार 'ताक' असा होत नाही, म्हणून आधी ती बांधून आपल्याकडे पाठवली.

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६, सायंकाळी सहा वाजून चार मिनिटे (बर्फवाल्यांकडे पाच एकोणपन्नास).