पियानोवरची एकच बोली

३ मार्च, सोमवार
आपला पियानो! शाळा बंद झाली हे ठाऊक होतं, पण म्यूझिक रूमसुद्धा लिलावाच्या साइटवर निघेल असं वाटलं नव्हतं. बाकं, घंटा, नकाशे – आणि तो. फोटो मोठा करून पाहिला. डावीकडच्या एका पट्टीचा टवका उडालेला, अजून तसाच. तो मी उडवला होता, कंपासपेटी आपटून. पियानोच्या मिसनी मदर सुपिरिअरना माझं नाव सांगितलं नाही. चौथीतली मी, रडून अर्धमेली.

मला तो हवाय. रविवारी संध्याकाळी सहाला लिलाव संपतो. आत्ताच कुणीतरी एक बोली लावलीये, अगदी कमीत कमी. नाव दिसत नाही, नुसता नंबर.

४ मार्च
जावयाने शिकवणी घेतली. "आई, आपले पत्ते उघडे करायचे नाहीत. तुम्ही आज बोली वाढवलीत की समोरचाही वाढवणार. गप्प बसायचं आणि शेवटच्या दहा सेकंदांत टाकायची. त्याला विचार करायला वेळच नको!" हृदयाच्या खुणेवरही दाबायचं नाही म्हणे – दाबलं की 'बघणारे'चा आकडा वाढतो, आणि तो सगळ्यांना दिसतो.

लेक आतून ओरडली, "दहा सेकंद? आईला चष्मा सापडायला दहा मिनिटं लागतात!"

६ मार्च
सराव म्हणून एका छत्री-स्टँडवर शेवटच्या क्षणी बोली लावली. जिंकले! आता छत्री-स्टँड येतोय. काय करू त्याचं?

पियानोवर तीच एक बोली. बघणारे – शून्य. इतकं वाईट वाटलं त्याचं, बोट हृदयापर्यंत गेलंही. आवरलं.

८ मार्च
अजून शून्य. छान!

९ मार्च, रविवार
मिळाला! आठ सेकंद उरले असताना दाबलं. समोरून हूं की चूं नाही. जावई म्हणाला, "फुकटात मारलात, आई!" मी घरभर नाचले, गुडघे विसरून.

१० मार्च
टेम्पोचं ठरवायला शाळेत फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "ती पहिली बोली मिसची होती."

मिस! नव्वदीला आल्यात, शाळेच्याच आवारात एका खोलीत राहतात. पियानो तिथे मावणारही नाही. "शून्यावर उभा राहायला नको बिचारा, म्हणाल्या. म्हणून मी त्यांच्यासाठी लावली. मग रोज सकाळी खुर्ची ओढून कॉम्प्युटरपाशी. कुणी वाढवली का? निदान कुणी बघतंय का?" चाळीस वर्षं शिकवलेल्या इतक्या मुली, आणि बघणारे शून्य. शनिवारी म्हणाल्या, "पुरे. बंद कर ते."

आणि मी इथे दिवसातून चार-चारदा बघत होते, पावलाचा आवाज न करता! कुणाला हरवत होते मी? त्या हृदयावर नुसतं एक बोट टेकवलं असतं तर...

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

१२ मार्च
मिसना भेटून आले. हात हातात घेऊन सगळं सांगितलं – पहिल्या दिवसापासून बघत होते, मुद्दाम लपून होते, आठ सेकंद उरल्यावर बोली लावली. त्या हसल्या, माझ्या गालावरून हात फिरवला. "सिस्टरने तुला माझं कळवलं असणार, म्हणून धावलीस. गोड आहेस, बाळ. पण ज्याला खरंच हवं असतं, तो शेवटच्या आठ सेकंदांत येतो का गं?"